रक्तातल्या अनोळखी प्रथिनांच्या मागावर

पोट जड वाटते. चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखे होते. कंबरेचा घेर वाढतो, लघवीला वारंवार जावे लागते. पन्नाशीच्या आसपासच्या कोणत्याही बाईला विचारले तर यातला एखाद-दुसरा त्रास ती स्वतःचाच म्हणून सांगेल, आणि बहुतेक वेळा त्यामागचे कारणही साधेच असते. ॲसिडिटीची गोळी घेतली जाते, रात्रीचे जेवण कमी केले जाते, महिने उलटतात. अंडाशयाचा कर्करोग नेमका याच किरकोळ तक्रारींच्या आड वाढतो. म्हणूनच चारपैकी सुमारे तीन रुग्णांमध्ये तो सापडतो तेव्हा पोटात पसरलेला असतो. अंडाशयापुरता असतानाच हाती लागला, तर दहापैकी नऊ जणी पाच वर्षांनंतरही हयात असतात. पसरल्यावर सापडला, तर हे प्रमाण निम्म्याच्याही बरेच खाली जाते.

जागतिक कर्करोग नोंदींच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात या आजाराचे सुमारे ४७ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ३३ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. स्तनाच्या कर्करोगासाठी मॅमोग्राफी आहे, गर्भाशयमुखासाठी पॅप स्मिअर आणि एचपीव्हीची तपासणी आहे. अंडाशय मात्र ओटीपोटात खोलवर असतात. हाताला लागत नाहीत, बाहेरून दिसत नाहीत. त्यामुळे संशोधकांची नजर फार पूर्वीपासून रक्ताकडे वळली आहे. गाठ लहान असली तरी ती रक्तात काही ना काही सोडत असणार, आणि ते वेळेवर ओळखता आले तर हजारो जीव वाचतील, ही त्यामागची आशा.

ही आशा पहिल्यांदा १९८१ मध्ये पालवली. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात रॉबर्ट बास्ट आणि रॉबर्ट नॅप यांच्या गटाने अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशींना चिकटणारी एक अँटीबॉडी तयार केली. ती ज्या प्रथिनाला चिकटत होती, ते आज सीए-१२५ या नावाने प्रत्येक पॅथॉलॉजी लॅबच्या यादीत दिसते. एक मिलिलिटर रक्तात ३५ युनिटपर्यंत असेल तर ठीक, त्यावर गेले तर पुढची तपासणी, असा साधारण दंडक पडला. उपचार सुरू असलेल्या रुग्णांमध्ये आजार मागे हटतो आहे की परततो आहे, हे पाहायला ही तपासणी आजही फार उपयोगी आहे.

आजार लवकर शोधायला मात्र ती तोकडी पडते. पहिल्या टप्प्यातल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांमध्ये सीए-१२५ वाढलेलेच नसते. उलट पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, एंडोमेट्रिओसिसमध्ये, गर्भाशयात गाठी असताना, ओटीपोटाला सूज असताना ते वाढू शकते. भारतातल्या डॉक्टरांना आणखी एक कारण चांगलेच ठाऊक आहे: पोटाचा क्षयरोग. पोटात पाणी झालेले, वजन उतरलेले, सीए-१२५ शेकड्यांत गेलेले, सोनोग्राफीत संशयास्पद काही दिसणारे, अशी रुग्ण कर्करोगाच्या शंकेने शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचते आणि तिथे घेतलेल्या तुकड्यात क्षयाचे निदान होते. अशा अनेक रुग्णांच्या नोंदी भारतीय वैद्यकीय साहित्यात आहेत.

या एका प्रथिनाच्या भरवशावर स्त्रियांची सरसकट तपासणी करावी का, याचे उत्तर मिळवायला दोन प्रचंड चाचण्या झाल्या. अमेरिकेत ७८ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. तपासणीमुळे मृत्यू कमी झाले नाहीत. वर, आजार नसताना 'आहे' असा कौल मिळालेल्या ३,२८५ स्त्रियांपैकी १,०८० जणींवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यांतल्या १६३ जणींना किमान एक गंभीर गुंतागुंत सोसावी लागली. ब्रिटनमध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या प्राध्यापक उषा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५० ते ७४ वयाच्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांचा सोळा वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केला. त्यांनी सीए-१२५ चा नुसता आकडा पाहिला नाही. दरवर्षीच्या आकड्यांचा कल पाहिला, गरजेप्रमाणे सोनोग्राफी केली. आजार खरोखरच काहीसा आधीच्या टप्प्यात सापडू लागला. तरीही २०२१ मध्ये अंतिम निष्कर्ष आले तेव्हा मृत्यूंमध्ये ठोस घट दिसली नाही.

इतक्या कष्टाने मिळालेले हे उत्तर निराश करणारे होते, पण ते मोलाचे आहे. 'लवकर सापडला' एवढ्याने भागत नाही, पुरेसा लवकर सापडायला हवा, हे त्याने दाखवून दिले. आणि एका प्रथिनाच्या बळावर ते होणे अवघड आहे, हेही.

रक्तातली प्रथिने मोजणे मुळातच का कठीण आहे, हे आकड्यांतून कळते. एका लिटर रक्तद्रवात साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिने असतात. त्यातला निम्म्याहून अधिक वाटा एकट्या अल्ब्युमिनचा. वरची वीस-बावीस प्रथिने मिळून जवळजवळ ९९ टक्के वजन भरते. आजाराची खबर देणारी प्रथिने उरलेल्या एका टक्क्यात, तीही हजारोंच्या गर्दीत असतात. अल्ब्युमिन एका मिलिलिटरमध्ये सुमारे चाळीस मिलिग्रॅम, तर शरीरात दाह झाल्याचे सांगणारे इंटरल्युकिन-६ त्याच मिलिलिटरमध्ये काही पिकोग्रॅम. दोघांच्या प्रमाणात जवळपास एक हजार कोटी पटींचा फरक.

या गर्दीतून हवे ते प्रथिन उचलायची रूढ पद्धत अँटीबॉडीची. १९७१ मध्ये स्वीडन आणि नेदरलँड्समधल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे विकसित केलेली एलायझा ही तपासणी याच तत्त्वावर चालते, आणि अतिसूक्ष्म कणांचा, म्हणजे नॅनोकणांचा, सेन्सर म्हणून जी वस्तू कोट्यवधी घरांत पोहोचली आहे तीसुद्धा. गर्भधारणेच्या घरगुती तपासणीच्या पट्टीवर उमटणारी गुलाबी-लाल रेघ बहुतेक वेळा सोन्याच्या नॅनोकणांची असते. साधारण वीस ते चाळीस नॅनोमीटरचा सोन्याचा कण पिवळा दिसत नाही, लाल दिसतो, कारण त्याच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन प्रकाशातला हिरवा भाग शोषून घेतात. या कणांवर एचसीजी या संप्रेरकाला धरणाऱ्या अँटीबॉडी बसवलेल्या असतात. लघवीत एचसीजी असेल तर कण पट्टीवर ठरलेल्या जागी अडकतात आणि रेघ दिसते. कोविडच्या काळात घरोघरी वापरलेले अँटिजेन किटही याच जातीचे. घरच्या घरी करण्याच्या अशा किटला भारतात पहिली मान्यता मिळाली ती मे २०२१ मध्ये, पुण्याच्या मायलॅबच्या 'कोव्हिसेल्फ'ला.

या सगळ्या तपासण्यांची एक अट आहे. कोणते प्रथिन शोधायचे, हे आधी माहीत असावे लागते. ते माहीत असले तरच त्याची अँटीबॉडी बनवता येते. अंडाशयाच्या कर्करोगात पहिल्या टप्प्याची खात्रीशीर खबर देणारे प्रथिन कोणते, हेच ठाऊक नाही. कदाचित असे एकच एक प्रथिन नसेलही. दहा-वीस प्रथिने थोडी-थोडी कमीजास्त होत असतील, आणि प्रत्येकाचा बदल सुटा पाहिला तर नजरेत भरण्याइतका नसेल.

मग नाव माहीत नसताना ओळखायचे कसे?

निसर्गाने हे कोडे नाकात सोडवले आहे. शेजारच्या घरात फोडणी पडली की ती हिंग-जिऱ्याची की लसणाची, हे दार उघडण्याआधी कळते. फोडणीतल्या रेणूंची नावे मात्र कोणालाच सांगता येणार नाहीत. माणसाच्या नाकात गंध टिपणारे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक आहेत. त्यांतला कोणताही एकाच गंधाला बांधलेला नाही. एक ग्राहक अनेक रेणूंना कमीजास्त प्रतिसाद देतो आणि एक रेणू अनेक ग्राहकांना जागे करतो. या सगळ्या प्रतिसादांची एकत्र नक्षी मेंदू ओळखतो. रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चे नोबेल याच ग्राहकांच्या शोधासाठी मिळाले.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात व्हिन्सेंट रोटेलो यांच्या गटाने २००७ मध्ये प्रथिनांसाठी असे 'रासायनिक नाक' तयार केले. त्यांनी सोन्याचे सहा प्रकारचे नॅनोकण घेतले. प्रत्येकावर वेगळा रासायनिक थर होता, आणि प्रत्येकाला एक चमकणारा पॉलिमर हलकेच चिकटवलेला होता. सोन्याला चिकटलेला असेपर्यंत पॉलिमर विझलेला राहतो. प्रथिन आले की ते पॉलिमरला कणावरून ढकलते, आणि सुटा झालेला पॉलिमर उजळतो. कोणत्या कणावरून किती ढकलले जाईल, हे प्रथिनाचा आकार, विद्युतभार आणि पृष्ठभाग यांवर अवलंबून. सहा कणांचे सहा आकडे मिळून प्रत्येक प्रथिनाची एक नक्षी तयार होते. सात प्रथिनांच्या नक्ष्या संख्याशास्त्रीय पद्धतीने शिकवल्यावर ५२ अनोळखी नमुन्यांपैकी ४९ बरोबर ओळखले गेले. एकाही प्रथिनासाठी खास अँटीबॉडी वापरलेली नव्हती.

ते नमुने स्वच्छ द्रावणातले होते, प्रत्येकात एकेकच प्रथिन. रक्तात हजारो प्रथिने एकाच वेळी धावून येतात. बाहेरून आलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर रक्तातली प्रथिने काही क्षणांत बसतात, आणि आधी बसलेल्यांना मागून येणारी, अधिक घट्ट चिकटणारी प्रथिने हटवतात. लिओ व्ह्रोमन या डच रक्तवैज्ञानिकाने १९६० च्या दशकात ही अदलाबदल नोंदवली. नॅनोकणांभोवती बसणाऱ्या या थराला २००७ पासून 'प्रोटीन कोरोना' म्हटले जाऊ लागले. शरीरात औषध पोहोचवण्यासाठी नॅनोकण बनवणाऱ्यांना हा थर म्हणजे डोकेदुखी, कारण तो कणाची ओळखच झाकून टाकतो. निदान करू पाहणाऱ्यांना मात्र त्यातच संधी दिसली. माणूस निरोगी असेल तर थर एका तऱ्हेचा बसेल, आजारी असेल तर थोडा वेगळा. तो फरक वाचता आला पाहिजे.

तो वाचायला सोन्याहूनही हळवे साहित्य सापडले ते कार्बनच्या नळ्यांत. जपानच्या सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये अनेक थरांच्या कार्बन नॅनोट्यूबचे वर्णन केले आणि दोन वर्षांत एकाच थराच्या नळ्याही मिळाल्या. अशी एकेरी नळी सुमारे एक नॅनोमीटर रुंद असते. अल्ब्युमिनचा रेणू तिच्या रुंदीहून कितीतरी मोठा. शिवाय या नळीचा प्रत्येक अणू पृष्ठभागावरच असतो, आत लपलेला एकही नाही. म्हणून तिला जे काही स्पर्श करते, त्याचा परिणाम संपूर्ण नळीवर होतो.

हा परिणाम दिसतो तो प्रकाशात. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात २००२ मध्ये असे आढळले की सुट्या केलेल्या नॅनोट्यूबवर दृश्य प्रकाश टाकला की त्या अवरक्त प्रकाश परत देतात. तो डोळ्यांना दिसत नाही, यंत्राला दिसतो. रक्त स्वतः त्या पट्ट्यात फारसे चमकत नाही, त्यामुळे नळीचा प्रकाश वेगळा उठून येतो. वर्षानुवर्षे वापरले जाणारे रंगद्रव्य प्रकाशाच्या माऱ्याने फिके पडत जाते, नळी तशी फिकी पडत नाही. नळीची रुंदी आणि कार्बनच्या जाळीची गुंडाळी बदलली की प्रकाशाची तरंगलांबी बदलते, म्हणजे एकाच मिश्रणातल्या वेगवेगळ्या नळ्या वेगवेगळ्या ओळखता येतात. पाण्यात न विरघळणाऱ्या या नळ्यांना डीएनएचा एकेरी धागा गुंडाळला की त्या पाण्यात सुट्या राहतात. धाग्यातली अक्षरे बदलली की नळीचा उघडा राहिलेला भाग बदलतो, आणि तिला चिकटणारी प्रथिनेही.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रातले डॅनियल हेलर आणि त्यांच्या सहकारी मिजिन किम यांच्या गटाने यात आणखी एक गोष्ट जोडली. नळीच्या भिंतीवर विरळ अंतराने त्यांनी मुद्दाम रासायनिक 'दोष' निर्माण केले. नळीत प्रकाशाची ऊर्जा इकडून तिकडे फिरत असते. अशा दोषापाशी आली की ती अडकते आणि तिथून वेगळ्या, लांब तरंगाचा प्रकाश बाहेर पडतो. म्हणजे एकाच नळीला आता दोन आवाज मिळाले, एक मूळचा आणि एक दोषाचा. आसपासच्या बदलांना दोन्ही वेगवेगळे प्रतिसाद देतात. या नळ्या घडवण्यात मेरीलँड विद्यापीठातले यूहुआंग वांग यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे.

प्रयोगाची रीत सांगायला सोपी आहे. रक्त गोठू द्यायचे, सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवायचे, वर राहिलेले पिवळसर सीरम घ्यायचे. छोट्या खळग्यांच्या प्लेटमध्ये वेगवेगळ्या डीएनएच्या आणि वेगवेगळ्या दोषांच्या नळ्या ठेवून त्यांत सीरम मिसळायचे. प्रकाश टाकायचा आणि परत आलेल्या प्रकाशाचा आलेख घ्यायचा. प्रत्येक शिखर किती सरकले, किती उजळले किंवा मंदावले, याचे आकडे होतात. एका नमुन्याचा असा आकड्यांचा संच संगणकाला द्यायचा आणि सोबत सांगायचे: ही स्त्री अंडाशयाच्या कर्करोगाची रुग्ण होती, हिला दुसरा आजार होता, ही निरोगी होती. पुरेशी उदाहरणे दिली की मशीन लर्निंगची प्रणाली गटांमधली सीमारेषा स्वतः शोधते. मग तिने कधी न पाहिलेले नमुने देऊन तिची परीक्षा घ्यायची.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २६९ सीरम नमुने वापरले गेले. हा कर्करोग नसलेल्या शंभर जणींपैकी अठ्ठ्याण्णव जणींना 'नाही' असा बरोबर कौल मिळेल, अशा बेताने कसोटी लावली तेव्हा शंभर रुग्णांमागे ८७ ओळखले गेले. सीए-१२५ आणि योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी यांच्या जोडीसाठी त्याच कसोटीवर संशोधकांनी दिलेला आकडा ८४ आहे. सत्त्याऐंशी आणि चौऱ्याऐंशी यांतला फरक काही मोठा नाही, आणि २६९ ही संख्याही मोठी नाही. लक्ष वेधून घेणारी गोष्ट दुसरीच आहे. माहीत असलेल्या प्रथिनांची मोजमापे वापरून संशोधकांना एवढा निकाल मिळवता आला नाही. याचा अर्थ नळ्या सीरममधल्या अशा कशाला तरी प्रतिसाद देत असाव्यात, ज्याची आजवर कर्करोगाशी सांगड घातली गेलेली नाही.

इथे उत्साह वाटणे स्वाभाविक आहे. पण याच आजारात, याच स्वप्नाने एकदा मोठी ठेच दिलेली आहे, आणि तो इतिहास सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

फेब्रुवारी २००२ मध्ये 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एमॅन्युएल पेट्रिकोइन आणि लान्स लिओटा यांच्या गटाचा शोधनिबंध आला. सीरममधल्या प्रथिनांचा आलेख त्यांनी वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राने घेतला आणि संगणकाला त्यातली नक्षी शोधायला लावली. शंभर नमुन्यांवर शिकलेल्या प्रणालीला ११६ झाकलेले नमुने दिले. कर्करोगाचे पन्नासच्या पन्नास ओळखले गेले, कर्करोग नसलेल्या ६६ पैकी ६३ ही बरोबर. प्रथिनांची नावे कोणालाच माहीत नव्हती, पण नक्षी बोलत होती. जगभर बातम्या झाल्या, 'ओव्हाचेक' नावाने तपासणी बाजारात आणायची तयारी सुरू झाली.

ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रातले संख्याशास्त्रज्ञ कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स यांनी त्या गटाने उपलब्ध करून दिलेले मूळ आकडे उतरवून घेतले आणि चिकाटीने तपासले. त्यांना दिसले की रुग्ण आणि निरोगी यांच्यातला फरक आलेखाच्या अशा भागातही मिळतो, जिथे प्रथिने नसतातच, यंत्राचा गोंगाट तेवढा असतो. एका संचातला नियम दुसऱ्या संचात टिकत नव्हता. नंतरच्या एका संचात नमुने तपासण्याचा क्रमच मिसळलेला नव्हता. असे झाले की यंत्र त्या-त्या दिवशी कसे चालले होते, याचीही छाप आकड्यांवर पडते आणि संगणक ती छापच 'कर्करोग' म्हणून शिकू शकतो. शिवाय एका आलेखात १५ हजारांहून अधिक बिंदू आणि शिकायला शंभर नमुने. इतक्या बिंदूंत निव्वळ योगायोगाने दोन गट वेगळे करणारे काही ना काही मिळणारच. २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हस्तक्षेप केला आणि ओव्हाचेक बाजारात आले नाही.

नॅनोट्यूबच्या अभ्यासकांपुढे हा धडा उघडा आहे. त्यांच्याकडे आलेखावर मोजकी, अर्थ माहीत असलेली शिखरे आहेत, आणि 'दुसरा आजार असलेल्या' स्त्रियांचे नमुने त्यांनी मुद्दाम तुलनेत घेतले. तरी धोका संपत नाही. रक्त काढल्यावर किती वेळाने फिरवले, त्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या का, नमुना किती वेळा गोठवून वितळवला, यातल्या प्रत्येक गोष्टीने कोरोनाचा थर बदलू शकतो. नाव माहीत नसलेल्या नक्षीवर विसंबणाऱ्या तपासणीने अशा फरकांतून स्वतःला सिद्ध करायला हवे. ते ओझे तिच्यावर नेहमीच्या तपासणीपेक्षा अधिक आहे, आणि ते तसे असणेच योग्य आहे.

आकडेमोडीचाही एक प्रश्न आहे. पाळी गेलेल्या एक लाख स्त्रिया घेतल्या तर एखाद्या वेळी त्यांतल्या सुमारे चाळीस जणींना हा कर्करोग असतो. वर सांगितलेली कसोटी सगळ्यांना लावली तर चाळीसपैकी पस्तीस सापडतील. उरलेल्या ९९,९६० निरोगी स्त्रियांपैकी दोन टक्क्यांना, म्हणजे जवळजवळ दोन हजार जणींना, आजार नसताना 'आहे' असा कौल मिळेल. एका खऱ्या रुग्णामागे सत्तावन्न जणी विनाकारण हादरतील. आणि अंडाशयात सुई घालून तुकडा काढणे सहसा टाळले जाते, कारण गाठ असलीच तर पेशी पोटात सांडण्याची भीती असते. मग खात्रीसाठी शस्त्रक्रिया उरते. सरसकट तपासणीला अठ्ठ्याण्णव पुरत नाहीत, नव्याण्णवच्याही पुढे बरेच जावे लागते.

नॅनोट्यूबचा अभ्यास तक्रारी घेऊन आलेल्या स्त्रियांच्या नमुन्यांवर झाला आहे, हे म्हणूनच लक्षात ठेवायला हवे. तिथे खऱ्या रुग्णांचे प्रमाण अधिक असते आणि कौलाला वजन येते. कोणत्या तक्रारी, यालाही काही आधार आहे. अमेरिकेतल्या बार्बरा गॉफ यांच्या २००७ च्या अभ्यासानुसार पोट फुगणे, पोट किंवा ओटीपोट दुखणे, थोड्या जेवणात पोट भरणे हे त्रास वर्षभराच्या आत सुरू झालेले असतील आणि महिन्यातून बाराहून अधिक दिवस होत असतील, तर त्यांची दखल घ्यावी. अशा बाईने डॉक्टरकडे जावे, सोनोग्राफी करून घ्यावी. कोणतीही तक्रार नसताना आरोग्य तपासणीच्या पॅकेजमधून सीए-१२५ करून घेण्याला मात्र वरच्या दोन्ही चाचण्यांचा पाठिंबा नाही.

भारतात ही तपासणी कधी आली तर तिला भारतीय रक्तावर पुन्हा शिकावे लागेल. याचे एक कारण वर आलेच आहे: क्षयरोग. दुसरे कारण त्याहून घरोघरचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय होता, महाराष्ट्रात ५४ टक्क्यांना. शरीरात लोह कमी झाले की ते वाहून नेणारे ट्रान्सफेरिन हे प्रथिन वाढते. योगायोगाने, अमेरिकेत २००९ मध्ये मान्य झालेल्या 'ओव्हा-१' या तपासणीत सीए-१२५ सोबत मोजल्या जाणाऱ्या चार प्रथिनांपैकी एक ट्रान्सफेरिनच आहे (ओटीपोटात गाठ आढळलेल्या आणि शस्त्रक्रिया ठरलेल्या स्त्रियांसाठी ती तपासणी आहे). न्यूयॉर्कच्या रक्तावर शिकलेली प्रणाली लातूरच्या रक्तक्षयाला काय समजेल, हे तपासल्याशिवाय तिच्या कौलावर कोणाच्या पोटावर सुरी चालवता येणार नाही. त्यात तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर काढलेले रक्त बर्फाच्या डब्यातून शहरातल्या लॅबमध्ये पोहोचेपर्यंतचे तासही मोजावे लागतील.

त्यासाठीची माणसे आणि संस्था इथे आहेत. मुंबईची आयआयटी, टाटा स्मारक केंद्र आणि अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था यांच्यात कर्करोगातल्या प्रथिनांच्या अभ्यासासाठी २०१८ मध्ये करार झाला. रुग्णांचे नमुने नीट नोंदींसह जतन करणे हे या कामाचे पहिले पाऊल.

त्याहून दुर्मीळ असते ते आजार कळण्याच्या आधीचे रक्त. या कर्करोगाचा सर्वांत घातक प्रकार बहुधा गर्भनलिकेच्या टोकाशी सुरू होतो. २०१७ मधल्या एका जनुकीय अभ्यासाने, तिथल्या अगदी सुरुवातीच्या, अजून न पसरलेल्या कर्करोगापासून अंडाशयात कर्करोग उभा राहायला सरासरी साडेसहा वर्षे लागतात असा अंदाज बांधला. पकडायचे असेल तर याच वर्षांत. इराणच्या गोलेस्तान प्रांतात हजारो निरोगी लोकांचे रक्त साठवून ठेवले होते. त्यांतल्या ज्यांना पुढे कर्करोग झाला, त्यांच्या जुन्या नमुन्यांवर नॅनोकणांच्या कोरोनाची पद्धत २०१९ मध्ये वापरून पाहिली गेली. फुप्फुस, स्वादुपिंड आणि मेंदू यांच्या कर्करोगांचे ते मोजकेच नमुने होते, पण वाट बरोबर होती. ब्रिटनच्या मोठ्या चाचणीतलेही पाच लाखांवर सीरम नमुने जपलेले आहेत, त्यांत वर्षानुवर्षे दर वर्षी रक्त दिलेल्या आणि नंतर रुग्ण झालेल्या स्त्रियांचेही. नळ्यांची नक्षी रोगनिदानाच्या किती वर्षे आधी बदलू लागते, हे अशाच रक्तावर कळू शकेल. नळीवर बसलेला थर उतरवून त्यातली प्रथिने एकेक करून ओळखण्याचे कामही सोबत व्हायला हवे. नावे कळली की डॉक्टरांना कौलामागचे कारण कळेल, आणि कदाचित नळ्यांशिवायही चालणारी स्वस्त पट्टी बनवता येईल.

शेवटची कसोटी मात्र प्रयोगशाळेबाहेरची आहे: तपासणीने मृत्यू कमी होतात का? गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी या प्रश्नाचे जगाला मिळालेले एक ठाम उत्तर मराठवाड्यातून गेले आहे. टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ५२ गावसमूहांतल्या एक लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांना घेऊन चाचणी केली. एचपीव्हीच्या एकाच तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. अंडाशयाच्या कर्करोगासाठी असे उत्तर देऊ शकेल अशी तपासणी अजून जगात कोणाकडे नाही. नॅनोट्यूबची पद्धत त्या रांगेत उभी राहिली आहे. तिथवर जायला तिला २६९ ऐवजी हजारो नमुने, अनेक देशांतल्या अनेक लॅब आणि कित्येक वर्षांचा पाठपुरावा लागेल.